आभाराचा कागद

मी आजवर चार वेळा जाहीर आभार मानले. चारही वेळा ते दुसऱ्यानं लिहून दिले होते आणि मी उभं राहून वाचले. वाचन माझं चांगलं होतं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. कुठल्या ओळीला गळा भरून आला पाहिजे हे मला कळायचं नाही, म्हणून चिटणीस कागदावर त्या जागी पेन्सिलीनं बारीकशी फुली करून देत. फुली आली की मी क्षणभर थांबायची, समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि मग मी पुढचं वाचायची.

इथं मी कुणाचंच नाव घेणार नाही. मंडळाच्या लोकांची नावं घ्यायची गरज नाही, ती त्यांनी हयातीतच दगडावर कोरून भिंतीत बसवून घेतली आहेत. आणि ज्या एका बाईचं नाव घ्यावंसं वाटतं, ते घेण्याचा हक्क मी गमावून बसले आहे. तो कसा गमावला, ते सांगायला हे लिहिते आहे.

हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं, त्या वर्षांतली गोष्ट. मराठवाडा मुंबईकडे जाणार, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि उरलेलं आंध्राला जोडणार. हैदराबादेतल्या सुलतान बाजारात मराठी माणसं एकमेकांना भेटली की नमस्काराच्या आधी विचारायची, "तुम्ही इकडं की तिकडं?" प्रत्येक कारकुनाला पसंतीचा कागद भरून द्यायचा होता. मला कुणी पसंती विचारली नाही. माझा नवरा नांदेडकडचा, सरकारी कचेरीतच होता, पण त्यानं आपली पुनर्रचना सरकारच्या आधीच उरकून घेतली होती. औरंगाबादेला बदली झाल्यावर त्यानं तिथं दुसरं बिऱ्हाड केलं. पहिलं बिऱ्हाड, म्हणजे मी आणि पाच वर्षांची मुलगी, गौलीगुड्यातल्या एका खोलीत होतं तिथंच राहिलं.

माझे वडील दफ्तरी होते. कचेरीतल्या जुन्या कागदांचे लाल फडक्यात बस्ते बांधून फळीवर रचायचे, एवढंच त्यांचं काम. गावाकडं शेतकरी घर, पण शहरात येऊन ते कागदाच्या धुळीत रमले. मुलीला त्यांनी उर्दू शाळेत घातलं, कारण त्या वेळी सगळी कचेरी उर्दूत चालायची. म्हणजे मी शिकले उर्दूत, घरी बोलले मराठी, भाजी घेतली तेलुगूत, आणि नवरा गेल्यावर बी.ए.ला बसले इंग्रजीत. संध्याकाळचं कॉलेज होतं. ते जमलं ते मंडळामुळं, असं मंडळ म्हणतं.

हे मंडळ सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानावरच्या दिवाणखान्यात भरायचं. आधी तिथं निराधार बायकांसाठी शिवणाचा वर्ग होता. मग कुणीतरी मोठ्या माणसानं एका भाषणात सांगितलं, की अशा बायकांना मशीन देऊन भागणार नाही, त्यांना पदवी द्या, कचेरीत खुर्ची द्या. ते मंडळाला एकदम पटलं. मोठ्या माणसानं सांगितलं की त्यांना काहीही एकदम पटायचं. त्यांनी तीन बायका निवडल्या. एक विधवा होती, ती वर्षभरात दिराकडे गावी परत गेली. दुसरी पुन्हा मशीनवर बसली आणि शहाणी ठरली. राहिले मी.

निवडीच्या वेळी सात जण समोर बसले होते. अध्यक्ष मोठे सरकारी अधिकारी, चिटणीस वकील, बाकीच्या त्यांच्या आणि त्यांच्या स्नेह्यांच्या बायका. पहिलाच प्रश्न आला, "नवरा का गेला?"

"ते त्यांना विचारा," मी म्हणाले. "औरंगाबादेला असतात."

चिटणिसांनी माझ्या अर्जावर लिहिलं, 'स्वभाव तापट'. मला उलटं वाचता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. मग अर्धा तास माझ्या कुंकवावर चर्चा झाली. विधवेचं सोपं होतं, ती लावत नाही. पण टाकलेलीनं लावावं का? एक बाई म्हणाल्या, लावू नये, देणगीदारांना खरं वाटत नाही. दुसऱ्या म्हणाल्या, नवरा जिवंत आहे, न लावणं अशुभ. शेवटी ठराव झाला, की लावावं, पण लहान. शिकलेली, सवरलेली, मोटारीतून फिरणारी माणसं! माझ्या कपाळावरच्या टिकलीवर त्यांनी ठराव केला आणि कार्यवृत्तात लिहून ठेवला.

मदत मिळायची, नाही असं नाही. फी भरली जायची. पुस्तकं सभासदांच्या घरून यायची. त्यांच्या मुलांनी वापरून टाकलेली, निम्मी भलत्याच विषयांची. एकदा मला कुक्कुटपालनाचं पुस्तक आलं आणि ते मिळाल्याची सही द्यावी लागली. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीला घेऊन दिवाणखान्यात हजर राहायचं. मुलीनं श्लोक म्हणायचा, सगळ्यांच्या पाया पडायचं, मग लाडू. माझ्या मुलीला लाडू आवडायचे आणि पाया पडणं आवडायचं नाही. ती आधी लाडू मागायची. त्यावरही चर्चा झाली, की संस्कार कमी पडतात.

आणि वर्षातून एकदा वार्षिक समारंभ. प्रास्ताविक, अहवाल, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचं भाषण आणि सर्वांत शेवटी आभार. आभार लाभार्थीनं मानायचे, ही मंडळाची प्रथा. कोशाध्यक्षांच्या पत्नी मला आदल्या दिवशी येऊन सांगायच्या, कुठली साडी नेस ते. एकदा मी बऱ्यापैकी धुवट हिरवी नेसले तर त्या म्हणाल्या, "ही नको गं, ही फार बरी दिसते."

माझा खरा संसार ज्या बाईनं चालवला, ती या दिवाणखान्याची पायरी कधी चढली नव्हती. आमच्या खोलीसमोर, अंगणापलीकडं राहायची. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. पंचावन्नच्या आसपासची, नवरा वारलेला, ओढण्यांना गोटा, म्हणजे जरीची किनार, लावून द्यायची. मी कॉलेजात निघाले की मुलगी तिच्याकडं. तिथंच जेवायची, तिथंच झोपायची. मी कधी काही द्यायला गेले तर हात झटकून टाकायची. तिचा मुलगा गुलबर्ग्याच्या गिरणीत होता. त्याची पत्रं उर्दूत यायची आणि खालाला वाचता येत नव्हतं, म्हणून ती मी वाचून दाखवायची आणि उत्तरंही मीच लिहायची. तेवढंच माझ्या हातून तिचं काम व्हायचं.

शेवटच्या वर्षी अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या खात्यातले बरेच मराठी लोक मुंबई राज्यात जाणार होते. खुर्च्या रिकाम्या होणार होत्या. "पदवीधर बाई, उर्दू येते, इंग्रजी येतं," ते म्हणाले. "उन्हाळ्यात निकाल हातात असला, की एक खुर्ची तुझी. मी बसलोय ना इथं." चांगल्या पगाराची, कायम, सरकारी खुर्ची. मी घरी येऊन खालाला सांगितलं. ती म्हणाली, "मग कॉलेजकू जल्दी जा, यहां बातां कायकू करती?"

परीक्षा सुरू झाली. पेपर बरे गेले. शेवटचा पेपर इतिहासाचा, दुपारी दोन ते पाच. त्याच्या चार दिवस आधी चिटणिसांचा निरोप आला.

दिल्लीहून एक फार मोठे अधिकारी आले होते, कुणाला कुठल्या राज्यात टाकायचं ते ठरवणाऱ्यांपैकी. अध्यक्षांना मुंबईत चांगल्या दर्जाची जागा हवी होती. तेव्हा वार्षिक समारंभ त्याच आठवड्यात करायचा आणि त्या अधिकाऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून आणायचं ठरलं होतं. त्यांना एकच दिवस मोकळा होता. समारंभ चार वाजता. माझ्या पेपरच्या दिवशी.

"मग या वर्षी आभार दुसऱ्या कुणीतरी मानावेत," मी म्हणाले.

"दुसरं आहे कोण?" चिटणीस म्हणाले. "पाहुण्यांना दाखवायचं काय आम्ही, शिवणाची मशीन?"

"माझा पेपर आहे."

"परीक्षा ऑक्टोबरात परत असते. पाहुणे परत येत नसतात."

बाईला पदवी मिळावी म्हणून स्थापन झालेलं मंडळ, पदवी मिळत आली हे दाखवण्यासाठी तिला परीक्षेतून उठवत होतं, आणि त्या दिवाणखान्यातल्या एकाही माणसाला त्यात काही चुकतं आहे असं वाटत नव्हतं. कुणी दुष्ट नव्हतं. दुष्ट असते तर मला तोंड देता आलं असतं. ती नुसती समारंभाची माणसं होती.

कोशाध्यक्षांच्या पत्नींनी मधला मार्ग काढला. अर्धी वेळ झाल्यावर परीक्षार्थीला उठून जाता येतं, साडेतीनला. "मी टांगा घेऊन फाटकाशी थांबते," त्या म्हणाल्या. "तू हुशार आहेस, तीन तासांचं दीड तासात लिहिशील." चिटणीस चष्मा पुसत म्हणाले, "अध्यक्षसाहेबांनी तुझ्या खुर्चीचं बोलून ठेवलंय. त्यांचा शब्द राखायचा की नाही, तू ठरव."

मी ठरवलं. खुर्ची त्यांच्या हातात आहे असं मला वाटत होतं, म्हणून मान डोलावली. 'स्वभाव तापट' लिहिलेल्या बाईचा ताप एवढाच. खालाला मी काही बोलले नाही.

त्या दिवशी पाच प्रश्नांतले दोन पूर्ण झाले होते आणि तिसऱ्याचं एक पान, तेवढ्यात अर्ध्या वेळेची घंटा झाली. मी उत्तरपत्रिका बांधली. वर्गावरचे म्हातारे तेलुगू मास्तर चकित होऊन माझ्याकडं पाहायला लागले. "एम्मा, अयिपोयिंदा?" त्यांनी विचारलं. झालं का, बाई? मी हो म्हणाले. त्यांनी पानं चाळली, घड्याळाकडं पाहिलं आणि उत्तरपत्रिका परत माझ्यापुढं सरकवली. मी ती परत त्यांच्याकडं सरकवली. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते. एका परक्या माणसानं मला दोन वेळा संधी दिली होती.

फाटकाशी टांगा होताच. दिवाणखाना माणसांनी भरला होता, हार आले होते, लाउडस्पीकरवाला एक दोन तीन म्हणत होता. पाहुणे मात्र आले नव्हते. चार वाजले. साडेचार वाजले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडं पाहत बसले. डोक्यात तिसरा प्रश्न पुढं लिहिला जात होता, मग चौथा. पाच वाजले. आता तिकडं पेपर संपला असेल, उत्तरपत्रिका गोळा होत असतील. पाहुणे सहा वाजून गेल्यावर आले. मी पूर्ण पेपर लिहून, घरी जाऊन, मुलीला खायला घालून, चालत आले असते तरी वेळेत पोचले असते.

कुणीही माझ्याकडं पाहून खजील झालं नाही. कुणाच्या ते ध्यानातच आलं नाही.

मी आभार वाचले. त्या दिवशी फुलीपाशी थांबावं लागलं नाही, गळा आपोआपच दाटला. पाहुणे हेलावले. बायकांनी डोळे पुसले. खाली उतरताना चिटणीस माझ्या कानाशी म्हणाले, "आज फारच सुंदर झालं." मला त्यांच्या तोंडावर कागद फेकावासा वाटला. मी तो नीट घडी करून त्यांना परत दिला, कारण पुढच्या वर्षी तोच थोडा बदलून वापरायचा असे.

दिवेलागणीला घरी पोचले तर खाला अंगणात मुलीची वेणी घालत बसली होती. उशीर का झाला, तिनं विचारलं. अर्धा पेपर सोडून समारंभाला गेले, मी सांगून टाकलं.

तिचे हात थांबले. "आधा परचा छोडको आई?"

"हो."

"कायकू? किसके वास्ते?"

मी म्हणाले, त्यांनी एवढं केलंय माझ्यासाठी.

"और मैं क्या करी?" ती उठून उभी राहिली. मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "दो साल तेरी बच्चीकू सुलाई मैं, इसके वास्ते? आधे परचे के वास्ते?" तिनं गोट्याचा डबा उचलला, आत गेली आणि दार लावून घेतलं. मुलगी अर्ध्या वेणीनं तशीच उभी होती. माझ्यावतीनं सगळ्या शहरात एकच माणूस चिडलं, आणि ते माझ्यावरच चिडलं. बरोबरच होतं ते.

निकाल लागला. इतिहासात नापास. मंडळाच्या अहवालात 'परीक्षेस बसल्या' असं छापलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं, अर्धा वेळ मी बसलेच होते. अध्यक्षांना मुंबईत हवी तशी जागा मिळाली. निघायच्या आधी मी त्यांना भेटायला गेले, तर सामान बांधणं चाललं होतं. "पदवी नाही, तर माझा नाइलाज आहे," ते म्हणाले आणि हात वर केले. ऑक्टोबरच्या फीसाठी चिटणिसांकडं गेले. त्यांनी नियम काढून दाखवला. नापास लाभार्थीची फी मंडळ भरत नाही. नियम त्यांनीच लिहिलेला होता, आणि तो वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्याचा भाव होता. मी असल्या भावाला पुन्हा कधी भुलले नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं.

पेपरच्या दिवशीचा खालाचा राग दोनच दिवस टिकला होता. तिसऱ्या दिवशी तिनं मला सुई दिली आणि समोर ओढण्यांचा ढीग टाकला. तो सबंध उन्हाळा आणि पावसाळा आम्ही दोघी गोटा लावत होतो. फी अशी भरली गेली.

त्या पावसाळ्यात गुलबर्ग्याहून पत्र आलं. मुलानं लिहिलं होतं, अम्मा, आता लगेच निघून ये. नोव्हेंबरात गुलबर्गा दुसऱ्या राज्यात जाणार, मग यायला परवाना लागेल म्हणतात. तेव्हा असल्या अफवांचा सुकाळ होता, आणि शिकलेली माणसंही त्या खऱ्या मानायची. मी पत्र वाचून दाखवलं. मुलगी कुठं ठेवू, हाच विचार पहिला आला. खालाचा विचार नंतर आला, हेही सांगून टाकते.

"जवाब लिख," खाला म्हणाली. मी दौत पुढं ओढली.

"लिख, अभी नहीं आती. अक्टोबर में मेरी बेटी का इम्तिहान है. वो हुए बाद आती."

तिला मुलगी नव्हती. माझा टाक कागदावर तसाच थांबला.

"लिख ना. हाथ कायकू रुक्या?"

मी लिहिलं. जन्मात दुसऱ्याचं सांगितलेलं पुष्कळ लिहिलं, वाचलं. त्यातलं खरं तेवढंच होतं.

ऑक्टोबरच्या पेपरला खाला माझ्याबरोबर आली. मुलीला घेऊन, गोट्याचा डबा घेऊन फाटकाशेजारच्या चिंचेखाली बसली. "आधे टाइम की घंटी हुई की मैं दरवाजे में खडी रहती," ती म्हणाली. "कोई आया तो पहले मेरेसे बात करना." अर्ध्या वेळेची घंटा झाली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. ती खरंच फाटकाच्या मधोमध उभी होती, मुलीचा हात धरून, रस्त्याकडं तोंड करून. कुणीही आलं नाही. मंडळात त्या दिवशी माझी आठवण कुणालाही नव्हती.

पाचला बाहेर पडले. तिनं एवढंच विचारलं, "पूरा लिखी?"

"पूरा."

"चल. छोरीकू भूक लगी."

आठवड्याभरात ती गेली. गौलीगुड्याच्या बसस्टँडवर आम्ही दोघी तिला पोचवायला गेलो. मी रस्ताभर मनात वाक्य जुळवत होते. पण जे वाक्य जुळायचं ते सुलतान बाजारातलं निघायचं. आपले ऋण कसे फेडू, शब्द अपुरे पडतात, वगैरे. तीन वर्षांत त्या लोकांनी आभार मानायची माझी भाषाच विटाळून टाकली होती. तरी मी तोंड उघडलं. खालानं बसच्या खिडकीतून हात हलवला. "नक्को मा, नक्को. वो सब जलसे में बोलते." बस निघाली. मुलगी रडली. मी रडले नाही, कारण मला वाटलं, पुढं कधीतरी नीट सांगता येईल.

मी पास झाले. आणि नोकरी ज्या रीतीनं मिळाली, तीत मंडळाचं बोटही लागलेलं नव्हतं. राज्याचे तीन तुकडे झाले तसे त्याच्या कागदांचेही तीन तुकडे करायचे होते. खोल्याच्या खोल्या भरून उर्दू बस्ते पडले होते, आणि कुठला कागद कुठल्या राज्याचा हे वाचल्याशिवाय कळत नव्हतं. वाचणारे निम्मे निवृत्त झाले होते, निम्मे निघून गेले होते. मंडळातल्या बाया मला नेहमी सांगायच्या, उर्दूचं आता काय करायचंय, विसरून जा. मी नुसता अर्ज केला. एका तेलुगू अधिकाऱ्यानं माझ्यापुढं एक लाल बस्ता सोडला, वरचा कागद दिला आणि वाचा म्हणाला. परभणीकडच्या एका विहिरीचा तंटा होता. मी वाचला, इंग्रजीत सारांश लिहून दिला. त्यानं नवऱ्याबद्दल विचारलं नाही, कपाळाकडं पाहिलं नाही. "सोमवारपासून या," म्हणाला. पगार चांगला होता, माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त. ते कळल्यावर मी दोन दिवस उगाचच हसत होते.

खालाला पत्र टाकलं. तिच्या मुलाच्या हातचं उत्तर आलं. अम्मा विचारते, खुर्ची लाकडाची आहे की वेताची?

इथंच थांबता आलं असतं तर बरं होतं. पण पुढच्या वर्षी मंडळाचा निरोप आला. आमच्या पहिल्या पदवीधर, सरकारी अधिकारी झालेल्या लाभार्थी, त्यांनी समारंभाला यावं. मी अधिकारी नव्हते. त्या लोकांची मला किळस होती. तरी मी गेले, नवी निळी साडी नेसून, मुलीला पहिल्या रांगेत बसवून. का गेले, याचं खरं उत्तर असं, की त्यांनी मला त्या खुर्चीवर बसलेली पाहावं असं मला वाटत होतं. त्यांच्याबद्दल एवढा तिरस्कार असूनही मला त्यांचीच टाळी हवी होती.

जाताना मी एक मनाशी पक्कं केलं होतं आणि मुलीलाही सांगितलं होतं. आज खालाचं नाव घ्यायचं. मुलगी खूश होती.

चिटणिसांनी कागद दिला. फुली होतीच. मी म्हणाले, "यात एक नाव घालायचंय," आणि नाव सांगितलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "या आपल्या सभासद आहेत?"

"नाहीत."

"देणगीदार?"

"शेजारीण होत्या. माझी मुलगी त्यांनी सांभाळली."

"अहो बाई," ते समजुतीनं म्हणाले. आता ते मला अहो म्हणत होते. "शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं घ्यायला लागलो तर रात्र होईल. औचित्य असतं काही."

मी मनात म्हटलं, घालू नका. वर उभी राहून मी स्वतःच घेईन, माझं तोंड कोण धरणार आहे? खरंच कोण धरणार होतं? फी त्यांच्या हातात नव्हती. खुर्ची त्यांच्या हातात नव्हती. नेमणुकीचा कागद माझ्याच पिशवीत होता. त्या दिवाणखान्यातला एकही माणूस माझं काही वाकडं करू शकत नव्हता.

मी उभी राहिले. नव्या अध्यक्षांचे आभार मानले, मुंबईला गेलेल्या जुन्या अध्यक्षांचे मानले, चिटणिसांचे, कोशाध्यक्षांचे, त्यांच्या पत्नींचे. सतरंज्या देणाऱ्याचं नाव होतं, ते वाचलं. लाउडस्पीकरवाल्याचं होतं, ते वाचलं. फुली आली, थांबले. शेवटची ओळ संपली. आता पुढं एकच नाव घ्यायचं होतं. पहिल्या रांगेत मुलगी खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती, तिचे ओठ आधीच ते नाव म्हणायला उघडले होते. मी श्वास घेतला. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि मी वाकून नमस्कार केला.

कागदाची घडी करून चिटणिसांना दिली. त्यानंतर अर्धा तास चहा चालला होता.

परत येताना मुलगी माझा हात सोडून चार पावलं पुढं चालत होती. पुतळीबावडीपर्यंत तशीच, गौलीगुड्याच्या वळणापर्यंत तशीच. अंगणात शिरलो. समोरच्या खोलीत आता दुसरं कुणी राहत होतं, त्यांच्या दाराला कुलूप होतं. मुलगी तिथं थांबली आणि माझ्याकडं वळून, खालाजवळ राहून उचललेल्या तिच्याच बोलीत म्हणाली,

"फिर आधा छोडको आई ना तू?"